रोजमेळातला माणूस

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चार ओळी लिहायला बसलं की हात आपसूक विशेषणांकडे जातो. कष्टाळू, मनमिळाऊ, परोपकारी, कुटुंबवत्सल. यातलं काहीच खोटं नसतं. पण नाव खोडून तिथे दुसरं घातलं तरी मजकूर तसाच चालून जातो. ज्यानं आयुष्यभर नोकरी केली, घर उभं केलं आणि उरलेल्या वेळात एखादी संस्था अंगावर घेतली, त्याच्यावर हा अन्याय आहे. मला तर वाटतं, अशा माणसाचं आयुष्य लिहिणं नामवंतांच्या चरित्रापेक्षा अवघड आहे. नामवंतांची भाषणं छापलेली असतात, पत्रं जपलेली असतात. याचं आयुष्य रोज तेच ते करण्यात गेलेलं असतं, आणि रोज केलेलं कुणी लिहून ठेवत नाही.

आपल्या स्मरणशक्तीची तऱ्हाही अशीच. वेगळं घडलेलं तिच्यात टिकतं, शेकडो वेळा घडलेलं एकमेकांत मिसळून जातं. बाबा पहाटे उठून पहिल्या पाळीला जायचे हे घरातल्या प्रत्येकाला आठवतं, पण त्यातली एक पहाट सुटी करून सांगा म्हटलं तर सांगता येत नाही. म्हणून घरच्यांच्या आठवणींत अपघात, आजारपण, एखादा सत्कार, एखादं मोठं भांडण एवढंच पुढे येतं. आणि ज्या रोजच्या वागण्यामुळे तो माणूस सगळ्यांचा आधार झाला होता, तेवढं नेमकं निसटतं. ते परत मिळवता येतं, पण त्यासाठी खटपट करावी लागते आणि ती वेळेत करावी लागते.

सगळ्यात आधी, घरातलं काहीही हलवण्यापूर्वी फोटो काढावेत. गेलेल्या माणसाचं टेबल, कपाट, हत्यारांची पेटी, प्रत्येक खण उघडून वरून एक फोटो. आवराआवर करणारे हात मायेचेच असतात, पण तेच सगळ्यात जास्त नासधूस करतात. मीटरच्या झाकणाला आतून चिकटवलेली कुठला फ्यूज कुठल्या खोलीचा याची यादी, पंख्याच्या वॉरंटी कार्डावर लिहिलेली खरेदीची तारीख, औषधांच्या वेळांचा कागद, मुलांच्या तापाच्या नोंदी: असले कागद रद्दी म्हणून पहिल्याच आठवड्यात जातात. घरावर जीव असलेल्या माणसाचा याहून चांगला पुरावा नसतो. स्वतः घरी नसताना घरच्यांचं अडू नये, म्हणून लिहून ठेवलेले ते कागद आहेत.

दुसरं, सगळ्यांनी एकत्र बसून आठवणी काढण्याआधी प्रत्येकानं आपल्या आठवणी वेगळ्या लिहून काढाव्यात किंवा रेकॉर्ड कराव्यात. एकानं ठामपणे सांगितलेला तपशील दुसऱ्याच्या आठवणीत शिरतो आणि थोड्याच दिवसांत तो दुसऱ्याला स्वतःचाच वाटू लागतो. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९३२ मध्ये मांडलेल्या प्रयोगांतही आठवण अशी बदलताना दिसली होती: लोक वाचलेली गोष्ट आठवून पुन्हा सांगताना अनोळखी भाग गाळतात आणि उरलेला ओळखीच्या वळणावर नेतात. १९८६ मध्ये चॅलेंजर अवकाशयानाची दुर्घटना झाली. ती बातमी आपल्याला कशी कळली हे काही अमेरिकन विद्यार्थ्यांनी दुसऱ्याच दिवशी लिहून दिलं होतं. अडीच-तीन वर्षांनी त्यांना पुन्हा विचारलं तेव्हा अनेकांच्या हकिकती पार बदललेल्या होत्या, आणि सांगण्यातला आत्मविश्वास मात्र तसूभरही कमी नव्हता. तेव्हा जो सगळ्यात खात्रीनं सांगतो त्याचंच बरोबर, असं धरून चालू नये. जी हकिकत आधी नोंदवली गेली तिला जास्त मान द्यावा.

भावंडांच्या बाबतीत तर हे फारच जपावं. थोरलीचे बाबा आणि धाकट्याचे बाबा हे पुष्कळदा दोन वेगळे गृहस्थ असतात. थोरलीनं पाहिलेला माणूस तिशीचा, अंगावर कर्ज असलेला, ओव्हरटाइम करून घरी येताच झोपणारा. धाकट्यानं पाहिलेला पंचेचाळिशीचा, स्थिरावलेला, गणितं शिकवायला बसणारा. दोघांची आठवण खरी आहे. त्यांचा सुवर्णमध्य काढला की दोन्ही माणसं हातची जातात.

बोलतं करताना ‘ते कसे होते?’ असं विचारलं की उत्तरात पुन्हा विशेषणंच येतात. त्यापेक्षा ‘घरी आल्यावर ते आधी काय करायचे?’, ‘रागावले की काय करायचे?’, ‘पगाराच्या दिवशी पाकीट कुणाच्या हातात द्यायचे?’ असं विचारावं. उत्तर संपलंसं वाटलं तरी लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. मनात दहापर्यंत मोजावं. बऱ्याचदा खरी गोष्ट त्या शांततेनंतरच येते. फोन विमान मोडवर टाकावा, पंखा बंद करावा, फोन बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर मऊ कापडावर ठेवावा. आधी एक मिनिट रेकॉर्ड करून ऐकून पाहावं. बैठक तास-दीड तासाची पुरे. वयस्कर माणसं त्यापुढे थकतात आणि मग नुसतं हो-हो म्हणतात. सगळ्यात वयस्कर माणसाकडे सगळ्यात आधी जावं. आणि एक तासाचं बोलणं शब्दशः उतरवायला चार ते सहा तास लागतात, हे धरूनच किती जणांना भेटायचं ते ठरवावं. नाहीतर रेकॉर्डिंग साठत जातं आणि लेख होतच नाही.

आता नोकरी. बहुतेक स्मृतिलेखांत नोकरीला एक वाक्य मिळतं: ‘अमुक कारखान्यात ते टर्नर होते.’ दिवसाचे आठ तास, सगळी उमेद, हातापायातलं बळ जिथे खर्ची पडलं त्याला एक वाक्य! घरच्यांना बहुधा माहीतच नसतं की टर्नर, म्हणजे लेथ यंत्रावर धातूचे भाग कापून मापात आणणारा कामगार, दिवसभर करतो काय. त्यांच्या पाळीतला एखादा जोडीदार हयात असेल तर त्याच्यासमोर त्यांचं हत्यार ठेवावं आणि हे कसं वापरायचे ते दाखवायला सांगावं. नुसत्या प्रश्नाला जे सुचत नाही ते हत्यार हातात आल्यावर सुचतं.

बारीक मापं घ्यायचा मायक्रोमीटरच घ्या. त्याच्या फिरत्या नळीवर पन्नास रेघा असतात, नळी एकदा पूर्ण फिरली की अर्धा मिलिमीटर सरकते; म्हणजे एक रेघ शतांश मिलिमीटरची. टोकाला रॅचेट असतं, म्हणजे ठरावीक दाब झाला की पुढे न आवळता नुसती फिरणारी मूठ. कसलेला कामगार शेवटचा दाब रॅचेटनंच देतो, कारण बोटांनी आवळलं तर प्रत्येक वेळी दाब वेगळा पडतो आणि माप वेगळं येतं. नुकताच कापलेला जॉब, म्हणजे यंत्रावर घडवायचा धातूचा तुकडा, गरम असतो. शंभर मिलिमीटरचा पोलादी तुकडा दहा अंशांनी तापला तर शतांश मिलिमीटरहून किंचित जास्तच वाढतो. गरम असताना बरोबर मापात उतरलेला जॉब थंड झाल्यावर कमी भरतो, आणि कमी भरलेला जॉब पुन्हा वाढवता येत नाही. म्हणून थांबावं लागतं, तेही सुपरवायझर डोक्यावर उभा असताना. हत्यार फार वेळ तळहातात धरलं तरी त्याची फ्रेम तापून माप चुकतं. आणि काम संपल्यावर ते पुसून, तेलाचा हलका हात फिरवून, दोन्ही तोंडं एकमेकांना न चिकटवता थोडी फट ठेवून डबीत ठेवायचं. तोंडं भिडलेली राहिली तर मध्ये ओल धरून गंज चढतो, आणि तापमान बदललं की ती एकमेकांवर दाबली जातात.

एवढं कळल्यावर वडिलांच्या डबीतला मायक्रोमीटर उघडून पाहावा. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनीही ती फट जपलेली असेल, तर ‘शिस्तप्रिय’ हा शब्द लिहायची गरज उरत नाही. आणि लेथवर जॉब धरून फिरवणाऱ्या पकडीची, म्हणजे चकची, चावी चकमध्ये विसरू नये म्हणून ती लगेच काढून ठरल्या जागी ठेवणारा हात घरी कात्री जागेवर नसली की का चिडायचा, तेही कळतं. विसरलेली चावी मशीन सुरू होताच गोळीसारखी सुटते. त्या माणसाला जागच्या जागी वस्तू नसण्याचा अर्थ फार वेगळा माहीत होता.

समाजकार्याचा भाग याहूनही निसरडा. ‘अनेक वर्षे वाचनालयाचे खजिनदार म्हणून निःस्वार्थ सेवा’ असं लिहून लोक मोकळे होतात. संस्थेच्या इतिवृत्तातही माणूस सापडत नाही, कारण तिथली सगळी वाक्यं ‘व्यवस्था करण्यात आली’, ‘आभार मानण्यात आले’ अशी असतात. खुर्च्या कुणी लावल्या, गळणाऱ्या छपराखालची पुस्तकं रात्री कुणी हलवली, हे ‘करण्यात आले’ या दोन शब्दांत गडप होतं. खजिनदार सापडतो तो रोजमेळात, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत. संस्थेच्या सध्याच्या पदाधिकाऱ्यांना रीतसर विचारून जुने रोजमेळ, पावती पुस्तकं, बाहेर धाडलेल्या पत्रांची जावक वही आणि बँकेचं पासबुक पाहायला मागावं. जमल्यास तिथेच बसून पाहावं.

रोजमेळ वाचायची एक पद्धत आहे. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च, वर आरंभीची शिल्लक, खाली अखेरची. आकडे वाचण्याआधी शाई पाहावी. सलग वीस दिवसांच्या नोंदी एकाच पेनानं, एकाच तिरकेपणानं असतील तर त्या एका बैठकीत भरलेल्या असणार. पेन बदलत गेलेलं, अक्षर कधी नीट कधी दमलेलं, असं असेल तर रोजच्या रोज लिहिलेलं आहे. मग खाडाखोड पाहावी. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी, वर बरोबर आकडा आणि शेजारी आद्याक्षरं: ही प्रामाणिक माणसाची खाडाखोड. पावती पुस्तकात रद्द झालेली पावती शोधावी. मूळ पावती आणि पुस्तकात राहणारी तिची स्थळप्रत दोन्ही जागेवर, दोन्हींवर आडवं ‘रद्द’ असेल तर समजावं की हा माणूस कोरा कागदसुद्धा कुणाच्या हाती पडू देत नव्हता.

आणि मग जे रोजमेळात नाही ते पाहावं. माझ्या मते अशा माणसाची ओळख तिथे सगळ्यात जास्त पटते. जावक वहीत वर्षभरात सभासदांना धाडलेल्या पत्रांची नोंद आहे, पण खर्चाच्या बाजूला टपालाचा एकही आकडा नाही. बँकेत भरणा महिन्यातून चारदा झालाय, पण जाण्यायेण्याचं भाडं कधीच लावलेलं नाही. हिशोब दर महिन्याला पैशापैशानं जुळतोय, हाही कधीकधी इशाराच असतो. रोख हाताळताना सुट्या पैशांची थोडी तूट कुणाचीही येते. ती लिहून दाखवलेली कुठेच नसेल तर बहुधा खिशातून भरलेली असते. हिशोबाच्या शास्त्राप्रमाणे हे चुकीचंच आहे. संस्थेचा खरा खर्च किती हे कळत नाही आणि पुढच्या खजिनदाराला तेवढ्यात भागवणं जमत नाही. पण लेख लिहिणाऱ्यानं एवढ्यावर निकाल देऊ नये. टपाल किरकोळ खर्चात धरलेलं असू शकतं, पत्रं हातोहात वाटलेली असू शकतात, कुणा दुसऱ्यानंच तो भार उचललेला असू शकतो. व्हाउचरची फाईल पाहावी, त्या काळातल्या चिटणीसांना विचारावं, आणि मगच ‘पदरचे पैसे घातले’ हे वाक्य लिहावं. तपासून लिहिलेल्या त्या एका वाक्यात ‘निःस्वार्थ’पेक्षा कितीतरी जास्त वजन असतं.

कागदांवर एवढा भर द्यायला आणखी एक कारण आहे. माणसाला म्हातारपणी स्वतःच्या साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत जास्त येतात. मानसशास्त्रात हे पुन्हा पुन्हा आढळलेलं आहे. त्यामुळे जुने मित्र भेटले की शाळा, पहिली नोकरी, पहिली सायकल यांवर भरभरून बोलतात. पण संस्थेचं काम माणूस बहुधा पस्तिशी-चाळिशीनंतर करतो. नेमकी तीच वर्षं मित्रांच्या बोलण्यात पातळ होतात, तारखा तर हमखास चुकतात. वर्ष थेट विचारलं की माणूस अंदाज ठोकतो. ‘तेव्हा मोठी कितवीत होती?’, ‘हे घर बदलण्याआधी की नंतर?’ असं विचारलं की दोन-तीन खुंट्या मिळतात आणि वर्ष त्यांच्यामध्ये सापडतं. नेमणुकीचं पत्र, बढतीचे आदेश, पगाराच्या पावत्या, भविष्य निर्वाह निधीच्या स्लिपा यांवरून एक पट्टी तयार करावी: डावीकडे वर्ष, मग नोकरी, मग घर, मग संस्था. तीन रकाने शेजारी आले की जे कुणालाच ठाऊक नव्हतं ते दिसतं. ज्या वर्षी तिसऱ्या पाळीचा भत्ता बाराही महिने आहे, त्याच वर्षी सभेच्या हजेरीपटावर त्यांची एकही सही चुकलेली नाही. म्हणजे रात्रभर उभं राहून ते सकाळच्या सभेला बसत होते.

ही पट्टी आणखी एक गोष्ट विचारते, आणि ती टाळू नये. समजा ते आठवड्यातून तीन संध्याकाळी दोन-दोन तास वाचनालयात देत होते, वर्षाचे पंचेचाळीस आठवडे. वर्षाचे २७० तास झाले. वीस वर्षांत ५,४००. आठ तासांचा दिवस धरला तर ६७५ दिवस. हे दिवस आले कुठून? कारखान्यातून तर नाहीच. ते घरातून आले. त्या संध्याकाळी मुलांचा अभ्यास कुणी घेतला, आजारी आजीजवळ कोण बसलं, पाहुण्यांना कोण सामोरं गेलं? समाजसेवेच्या लेखात पत्नीचा उल्लेख ‘मोलाची साथ’ असा उरकला जातो, तो मला फार खटकतो. ते ५,४०० तास दोघांचे होते. तिच्याशी बोलताना मुलांना खोलीबाहेर ठेवावं. मुलांसमोर आई तक्रार करत नाही. तिनं सांगितलेलं सगळं छापायचंच असं नाही, पण ते ऐकल्याशिवाय लेख लिहायलाच घेऊ नये. कधी तिच्याकडून वेगळंच कळतं. उदाहरणार्थ, रोजमेळाची बेरीज दर महिनाअखेरीला तीच तपासत होती.

दोषही यावेत. कुणाला नाही म्हणता येत नव्हतं, जामीन राहून पस्तावले, रागाच्या भरात वर्ष वर्ष अबोला धरला. हे गाळलं की उरलेलंही खोटं वाटायला लागतं. मात्र एक मर्यादा कसोशीनं पाळावी: ज्यांना त्यांनी मदत केली त्यांची नावं लिहू नयेत, ओळख पटेल असा तपशीलही देऊ नये. कुणाच्या मुलीची फी भरली, कुणाला नोकरी सुटल्यावर उसने दिले आणि मागितले नाहीत, हे त्यांनी आयुष्यभर कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या पश्चात आपण ते चव्हाट्यावर मांडणं त्यांना आवडलं नसतं. ज्याला मदत झाली त्यानं होऊन लिहून दिलं तर गोष्ट वेगळी.

फोटो आणि कागदांचं थोडक्यात सांगायचं तर, फोटोच्या मागे बॉलपेननं लिहू नये. दाबानं पुढे उठतं आणि शाई पसरते. मऊ शिसपेन्सिलीनं कडेला, हलक्या हातानं, डावीकडून उजवीकडे नावं लिहावीत. ओळखू न आलेल्याच्या जागी प्रश्नचिन्ह घालावं, अंदाजानं नाव घालू नये. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नये. निघत नसेल तर पानासकट स्कॅन करावा. स्कॅन करताना फोटोला ६०० डीपीआय (म्हणजे एका इंचात तितके ठिपके), नुसत्या कागदाला ३०० पुरे. सेलोटेप आणि लॅमिनेशन दोन्ही टाळावं. एक पिवळे डाग पाडतं, दुसरं पुन्हा काढता येत नाही. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन हा लाकडातला घटक असल्यानं कात्रण पिवळं पडून तुटणारच, त्याची प्रत आधी करावी. उष्णतेनं छापलेल्या पावत्या तर काही वर्षांत कोऱ्या होतात. फाईलच्या नावात वर्ष आधी घालावं, म्हणजे सगळं आपोआप क्रमानं लागतं. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी.

लिहिताना जन्मापासून सुरुवात करायचा मोह होतो. त्यापेक्षा एक साधा दिवस घ्यावा, विशेष काहीच न घडलेला, आणि पहाटेच्या घड्याळापासून दिवा मालवेपर्यंत तो उभा करावा: कुठल्या खिशात काय, पाळी किती वाजता, परत येताना वाचनालयाची किल्ली कुठून घ्यायची, घरी आल्यावर आधी कुणाची चौकशी. असा एक दिवस नीट उभा राहिला तर पंधराशे-दोन हजार शब्दांत माणूस मावतो. जन्म, शिक्षण, नोकरीच्या तारखा शेवटी एका चौकटीत द्याव्यात.

मसुदा झाला की मोठ्या टायपात, रुंद समास सोडून छापावा आणि तिघांना द्यावा: पत्नीला, पाळीतल्या जोडीदाराला, संस्थेतल्या सहकाऱ्याला. चुका समासात लिहायला सांगाव्यात, तोंडी घेऊ नयेत. जोडीदार बहुधा यंत्राचं नाव दुरुस्त करतो, सहकारी एखादं साल, आणि पत्नी म्हणते की ते असं बोलायचेच नाहीत. तिची दुरुस्ती आधी करावी. लेखाखाली महिना आणि वर्ष घालावं, कारण पुढे आणखी कुणी काही सांगेल आणि दुसरी आवृत्ती करावी लागेल. संस्थेचे रोजमेळ घरी आणले असतील तर मोजून परत करावेत आणि पोच घ्यावी. पहिल्याच भेटीत, वह्या हातात घेतानाच, त्यांची यादी दोन प्रतींत करून दोघांनी सह्या केलेल्या असल्या की हे सोपं जातं.